फ्रिजमध्ये आपोआप भरणारा पाण्याचा जग: आपल्याकडच्या पाण्यावर चालेल अशी रचना

प्रश्न लातूरच्या एका विद्यार्थिनीचा आहे. मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष, आणि प्रकल्प घरच्या फ्रिजमध्ये आपोआप भरणाऱ्या थंड पाण्याच्या जगाचा. घरी २६० लिटरचा दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री फ्रीज, स्लॅबवर टाकी, ओट्यावर भिंतीला आरओ. परदेशी फ्रिजची पत्रकं वाचून त्यांनी तसाच व्हॉल्व्ह मागवला, आरओच्या टाकीला जोडला, आणि पाणी आलंच नाही. आता विचारतात: व्हॉल्व्ह खराब निघाला का? जग फ्रिजमध्ये नेमका कुठं ठेवायचा? तो भरला हे यंत्रानं कसं ओळखायचं? आणि गाईडसमोर टिकेल असं यातून काही होईल का?

होईल. वाळूजच्या पट्ट्यात फ्रिजच्या रचनेचं काम केलंय आणि नंतर दुरुस्तीचंही, त्यामुळं कागदावरचा फ्रीज आणि घरातला फ्रीज यांतलं अंतर रोज बघायला मिळालं. तुमचा व्हॉल्व्ह बहुतेक ठणठणीत असणार. तो चुकीच्या पाण्यावर लावलाय, एवढंच.

परदेशी फ्रिजमधली ही सगळी रचना एका गृहीतावर उभी आहे: नळाला चोवीस तास दाबाचं पाणी. बसवणीच्या पत्रकात बहुधा किमान २० पीएसआय दाब मागितलेला असतो. २० पीएसआय म्हणजे साधारण १४ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब, म्हणजे चार-पाच मजली इमारतीच्या गच्चीवरची टाकी आणि तळमजल्यावरचा फ्रीज. आपल्या एकमजली घरात टाकी स्लॅबवर, फ्रिजची जोडणी जमिनीपासून मीटरभर वर. मधे राहतात तीन-चार मीटर. दाब झाला चार ते सहा पीएसआय. तुम्ही तर त्याहून पुढं जाऊन आरओच्या टाकीला जोडलंत. आपल्या भिंतीवरच्या आरओची सात-आठ लिटरची टाकी उघडी असते. तिच्यात दाब असा नसतोच, वरच्या पाण्याचं वजन तेवढं. अमेरिकेत ओट्याखाली बसणाऱ्या आरओची टाकी बंद असते, आत रबरी पडदा आणि हवेचा दाब असतो. म्हणून तिकडच्या लेखात ‘आरओची नळी फ्रिजला जोडा’ असं एका ओळीत लिहून मोकळं होता येतं.

व्हॉल्व्हच्या पोटात काय चालतं तेही बघा. वॉशिंग मशीनच्या मागं असतो त्या जातीचा तो व्हॉल्व्ह. कॉइलला करंट मिळाला की ती मोठं तोंड उघडत नाही, फक्त एक बारीक भोक उघडते. मग पाण्याच्याच दाबानं रबरी पडदा उचलला जातो आणि वाट मोकळी होते. दोन्ही बाजूंच्या दाबात पुरेसा फरक नसेल तर पडदा हलत नाही. कॉइल टक् वाजते, पाणी येत नाही. तुमच्याकडं हेच झालं असणार. आणि उलटही होतं. कमी दाबात पडदा नीट बसत नाही, बंद केल्यावरही थेंब-थेंब गळत राहतो.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. दाबावर चालणारी रचना सोडून द्या. पाणी पंपानं आणा, उघड्या जगात पाडा, आणि प्रत्येक सुटा भाग असा निवडा की तो तालुक्याच्या आरओच्या दुकानात मिळेल. शेवटचा मुद्दा मी मुद्दाम वर घेतलाय. प्रकल्प मार्कांपुरता करायचा असेल तर काहीही चालतं; घरात चालवायचा असेल तर दुरुस्तीला कोण येणार हे आधी ठरवावं लागतं. अहमदपूर असो की औंढा, २४ व्होल्टचा आरओ पंप, २४ व्होल्टचा सोलेनॉइड (विजेच्या कॉइलनं उघडणारा व्हॉल्व्ह), पाव इंची नळी, पुश-फिट कनेक्टर आणि २४ व्होल्टचा अडॅप्टर कुणाकडं ना कुणाकडं असतोच, आणि तो बदलणारा पोरगाही. याच भागांवर तुमचा जग चालला तर त्याला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची गरज नाही.

आरओचा छोटा डायफ्रॅम पंप फारसा दाब नसताना मिनिटाला अर्धा ते एक लिटर पाणी देतो. दोन लिटरचा जग भरायला दोन ते चार मिनिटं. घाई काहीच नाही, कारण पाणी गार व्हायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागणार आहे. पंप स्वतः पाणी ओढून घेतो, त्यामुळं ज्या घरात आरओ नाही आणि २० लिटरचा जार येतो, तिथं जार खाली ठेवून त्यात नळी सोडली तरी काम होतं. फक्त आरओची टाकी किंवा जार रिकामा झाला की पंप कोरडा फिरू देऊ नका. आरओच्या टाकीत फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगून पातळी सांगणारा स्विच, असतोच. तसाच एक दुसरा, तळाजवळ लावा आणि पंपाचा करंट त्याच्यातून न्या.

इथं एक फसवी जागा आहे. पंप बंद म्हणजे पाणी बंद, असं बहुतेक जण धरून चालतात. डायफ्रॅम पंपाच्या आत एकाच दिशेनं उघडणाऱ्या रबरी झडपा असतात. उलटं पाणी त्या अडवतात, पण सुलट पाण्याला अडवायचं त्यांचं कामच नाही. आरओ भिंतीवर पाच फुटांवर टांगलाय आणि जग फ्रिजमध्ये तीन फुटांवर आहे, असं असेल तर नळी एकदा भरली की पंप बंद असतानाही पाणी झडपा ढकलत हळूहळू खाली उतरत राहतं. रात्रभरात आरओची टाकी फ्रिजमध्ये रिकामी. म्हणून पंपाबरोबर बंद स्थितीत राहणारा सोलेनॉइड हवाच, आणि तो थेट उचलणारा हवा, म्हणजे कॉइल स्वतः दट्ट्या उचलते अशा जातीचा. आरओमध्ये वापरतात तो याच जातीचा, त्याला उघडायला दाब लागत नाही. त्याच्यावर बाण असतो. तो उलटा लावला तर पाणी अडणार नाही.

आता गारव्याकडं. माझ्या मते खरा प्रकल्प इथं आहे. व्हॉल्व्ह-पंप कोणीही जोडेल.

एक लिटर पाणी ३६ अंशांवरून ८ अंशांवर आणायला सुमारे ११७ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. चार माणसांच्या घरात मे महिन्यात फ्रिजचं पाणी दिवसाला सहा लिटर धरा, तर साधारण ७०० किलोज्यूल, म्हणजे १९५ वॅट-तास उष्णता. कंप्रेसर एका वॅट विजेत दीड-दोन वॅट उष्णता उपसतो असं धरलं तर दिवसाला १०० ते १३० वॅट-तास वीज, महिन्याला तीन-चार युनिट. म्हणजे विजेचं बिल ही अडचण नाही. अडचण वेळेची आहे.

फ्रिजच्या कप्प्यातली हवा ४ अंशांची असली तरी हवा उष्णता फार सावकाश उचलते. हिशेब करून बघा. १२ सेंटिमीटर व्यासाचा, १८ सेंटिमीटर उंचीचा दोन लिटरचा गोल जग घेतला तर त्याचा पृष्ठभाग सुमारे ०.०९ चौरस मीटर. जवळजवळ स्थिर हवेत प्रत्येक चौरस मीटरला, प्रत्येक अंश फरकाला ८ वॅटच्या आसपास उष्णता जाते असं धरा. ३६ अंशांचं पाणी १० अंशांवर यायला पाच-साडेपाच तास लागतात. हेच दोन लिटर ३० बाय २० बाय साडेतीन सेंटिमीटरच्या चपट्या डब्यात ठेवले तर पृष्ठभाग ०.१५५ चौरस मीटर होतो आणि वेळ तीन तासांवर येतो. पैसा न घालता, फक्त आकार बदलून. तुमच्या अहवालात हा तक्ता पहिल्या पानावर हवा. एक गोल, एक चपटा, दोन्हीत तापमापक टाकून प्रत्यक्ष आलेख काढा. माझा ८ चा आकडा तुमच्या फ्रिजमध्ये ६ ही निघेल, पंख्याची हवा लागत असेल तर १५ ही.

आता भरायचं कधी? बाजारातल्या आपोआप भरणाऱ्या जगांचा कल ‘पाणी घेतलं, जग जागेवर ठेवला, लगेच भरला’ असा असतो. दिसायला छान, पण आपल्या उन्हाळ्यात हाच नियम घात करतो. जगात दोन लिटर ६ अंशांचं पाणी आहे. घरी पाहुणे आले, तासाभरात दहा ग्लास गेले, आणि प्रत्येक २०० मिलिलिटरच्या ग्लासामागं यंत्रानं तेवढंच ३६ अंशांचं पाणी ओतलं. प्रत्येक वेळी जगातला दहावा भाग बदलतो. दहाव्या ग्लासानंतर जगातलं पाणी २५ अंशांच्या वर गेलेलं असतं. जग भरलेला, पाणी कोमट, आणि वर आजी म्हणणार, याच्यापेक्षा आपला माठ बरा. त्या चुकत नाहीत. कोरड्या उन्हाळ्यात माठ वीज न खाता एवढं गार पाणी देतोच.

त्यापेक्षा उशिरा भरा. जग तिसऱ्या हिश्श्यावर येईपर्यंत भरायचाच नाही. आले तेवढे ग्लास गार जातात, मग एकदाच भरतो आणि ‘अजून गार नाही’ हे सांगणारा एक छोटा तांबडा दिवा लागतो. त्याहून चांगलं म्हणजे मुख्य भरणी रात्री अकरानंतर. स्लॅबवरच्या टाकीतलं पाणी दुपारी चाळिशीला टेकतं आणि पहाटे बरंच उतरतं. पाणी दहा अंशांनी कमी गरम मिळालं तर फ्रिजचं काम तिसऱ्या हिश्श्यानं कमी. रात्री दारही उघडत नाही, सकाळपर्यंत सगळं गार. साध्या मायक्रोकंट्रोलरला घड्याळाची एक चिप जोडली की हे होतं.

अमेरिकी फ्रिजमध्ये ही अडचण वेगळ्या तऱ्हेनं सोडवलेली दिसते. तिथं पाणी बऱ्याचदा लांबलचक नळीच्या गुंडाळीत किंवा नागमोडी टाकीत साठवतात. एका टोकानं नवं पाणी आत येतं तसं दुसऱ्या टोकानं आधीचं गार पाणी बाहेर ढकललं जातं, दोन्ही मिसळत नाहीत. शेवटच्या घोटापर्यंत गार. कल्पना उत्तम आहे, पण ती गुंडाळी आतून घासता येत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन शिल्लक असतं तेव्हा ते काही काळ चालतं. आरओच्या पाण्यात क्लोरीन उरलेलंच नसतं, कारण आतला कार्बन ते आधीच काढून टाकतो. मग नळीच्या आतल्या भिंतीवर बुळबुळीत थर धरतो. ४ अंशांच्या थंडीत जिवाणूंची वाढ मंदावते, थांबत नाही. म्हणून मी गुंडाळीच्या विरोधात आहे, गारवा थोडा कमी मिळाला तरी. चपट्या डब्यात एक-दोन आडवे पडदे सैल बसवून पाण्याला वळसा घालायला लावा. पडदे निघतात, डब्यात हात जातो, आठवड्याला राखेनं नाहीतर साबणानं घासता येतो. डब्याचे आतले कोपरे गोल ठेवा, कारण चौकोनी कोपऱ्यात बोट पोचत नाही. प्लास्टिक अन्नासाठी चालणारं पॉलिप्रॉपिलीन घ्या, त्यासाठी भारतीय मानक आयएस १०९१० आहे. बागेची पारदर्शक नळी अजिबात नको.

जागा. दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये थंड हवा वरच्या फ्रीझरमधून मागच्या जाळीतून खाली येते. ती शून्याच्या बरीच खाली असते. डबा त्या जाळीसमोर ठेवलात तर लवकर गार होईल आणि एका रात्री गोठेलही. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. डबा तडकतो, आणि त्याआधी नळीचं तोंड बर्फानं बंद होतं. दाराच्या कप्प्यात ठेवाल तर तो फ्रिजमधला सगळ्यात उबदार कोपरा. शिवाय तीन किलोचं वजन रोज दाराबरोबर हिंदकळतं, बिजागरी उतरते आणि गॅस्केटला, म्हणजे दाराच्या रबराला, फट पडते. दुसऱ्या काचेच्या फळीवर, बाजूच्या भिंतीलगत, जाळीपासून हातभर बाजूला, अशी जागा धरा. भिंतीला चिकटवू नका, सगळीकडून बोटभर हवा खेळू द्या.

नळी आत कशी न्यायची, हे तुम्ही विचारलं नाहीत आणि मला तीच काळजी आहे. फ्रिजच्या बाजूच्या पत्र्यामागं बहुतेक मॉडेलमध्ये गरम गॅसच्या नळ्या गेलेल्या असतात. कंप्रेसर चालू असताना बाजूला हात लावा, कोमट लागेल. तिथं ड्रिल मारलं तर गॅस गेला, आणि आजच्या घरगुती फ्रिजमध्ये तो गॅस बहुधा आर ६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, असतो. तो पेट घेतो. हवेत दोन टक्क्यांच्याही खाली प्रमाण असलं तरी ठिणगीला पुरतं. घरचा चालू फ्रीज फोडू नका. जुना फ्रीज मिळवा, जाणत्या मेकॅनिककडून नळ्यांचा मार्ग समजून घ्या, आणि भोक त्याच्याच हातून, गॅस काढून, पाडून घ्या. कारखान्यात ही नळी फोम भरण्याआधीच भिंतीत बसवलेली असते, तुमच्या आराखड्यात तशीच दाखवा. गॅस्केटच्या फटीतून नळी सारायचा मोह होईल. प्रयोगाच्या दोन दिवसांपुरतं ठीक, पण सहा मिलिमीटरची नळी गॅस्केट उचलून धरते, तिथून ओल आत येते आणि बाष्पकावर, म्हणजे फ्रिजमधल्या गारवा देणाऱ्या नळ्यांवर, बर्फ साचतो.

त्याच गॅसमुळं दुसरा नियम: फ्रिजच्या आत ठिणगी पाडणारं काहीही नको. उघडा रिले नको, साधा बटण-स्विच नको. आत फक्त चुंबक जवळ आला की ओळखणारा सीलबंद रीड स्विच किंवा हॉल सेन्सर आणि कमी व्होल्टेजच्या तारा. पंप, सोलेनॉइड, बोर्ड, अडॅप्टर, सगळं फ्रिजच्या मागं, आणि कंप्रेसरच्या डोक्यावर नाही, तिथं उष्णता चढते.

नळीला उतार द्या, सगळा डब्याकडं. सोलेनॉइड बाहेर असल्यानं त्याच्यापुढच्या दीड मीटर नळीत वीसेक मिलिलिटर पाणी राहतं. व्हॉल्व्ह बंद झाल्यावर त्यातलं थोडं खाली उतरतं, म्हणून डब्यात वर शंभर मिलिलिटरची जागा मोकळी सोडा. नळीचं तोंड पाण्याच्या सर्वात वरच्या पातळीहून किमान २५ मिलिमीटर वर हवं. तोंड पाण्यात बुडालेलं असेल आणि जार खाली असेल, तर पंपाची झडप जराशी गळली तरी डब्यातलं पाणी, कुणी तोंड लावून प्यालेलं असेल तर त्यासह, उलटं जारमध्ये जातं.

आता भरलं हे ओळखण्याचा प्रश्न. तुमच्या डोक्यात डब्याच्या भिंतीबाहेरून पाणी ओळखणारा कॅपॅसिटिव्ह सेन्सर आहे असं दिसतं. टेबलावर तो झकास चालतो. फ्रिजमध्ये पावसाळ्यात दार उघडलं की गार भिंतीवर दव धरतं, आणि सेन्सरला बाहेरचं दव आणि आतलं पाणी यांतला फरक कळत नाही. वजनकाटा लावला तर कोणी डब्यावर कोथिंबिरीची जुडी ठेवली की गणित बिघडलं. मी जुनाच उपाय धरीन. झाकणाला लटकणारा फ्लोट, त्यात चुंबक, बाहेर हॉल सेन्सर. फ्लोट झाकणालाच ठेवला की झाकण नसताना भरणी सुरूच होत नाही, आणि झाकण घासताना फ्लोटही घासला जातो.

पण एकट्या फ्लोटवर विश्वास नको. तो क्षारानं अडकतो, चुंबक निसटतो, तार तुटते. म्हणून पाणी थांबवायला तीन वेगळ्या गोष्टी ठेवा, आणि तिघींपैकी कोणतीही एक पुरेशी असावी. फ्लोट. पाणी मोजणारं छोटं टर्बाइन मीटर, डब्यात मावेल त्याच्या वर गेलं की बंद. आणि मायक्रोकंट्रोलरच्या बाहेरचा स्वतंत्र टायमर, पाच मिनिटांनी २४ व्होल्टची तारच तोडणारा. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा, कारण प्रोग्राम अडकला की पहिले दोन आंधळे होतात. बाजारात मिळणारं स्वस्त मीटर मिनिटाला लिटरभरापेक्षा कमी प्रवाहात नीट मोजत नाही. आपला प्रवाह त्याच सीमेवर आहे, म्हणून बारीक छिद्राचं मीटर घ्या आणि मोजपात्रानं ताडून पाहा. डब्याखाली उथळ ताट, त्यात स्टीलच्या दोन पट्ट्या. ओल लागली की सगळं बंद आणि भोंगा. हे ताट फ्रिजच्या बर्फ-पाण्याच्या निचऱ्याला जोडू नका. तो निचरा कंप्रेसरवरच्या छोट्या पसरट भांड्यात जातो, ते लिटर-दोन लिटरला ओसंडतं आणि खाली विजेच्या जोडण्या असतात.

एवढा पहारा कशासाठी, असं गाईड म्हणतील. नळाला रोज पाणी येणाऱ्या शहरात सांडलेलं पाणी म्हणजे ओली फरशी. तुम्ही लिहिताय त्या शहरात २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर. आठवड्यानं पाणी येणाऱ्या घरात आरओची टाकी रात्री फ्रिजखाली रिकामी झाली, तर ते यंत्र सकाळी घराबाहेर असतं. म्हणून चुकलंच तर जग रिकामा राहिला पाहिजे, ओसंडता कामा नये. प्रत्येक बिघाडाला हा एकच प्रश्न विचारा: हे तुटलं तर पाणी थांबतं की वाहतं? फ्लोटची तार तुटली तर ‘भरलं’ असाच निरोप गेला पाहिजे. लाईट गेली तर व्हॉल्व्ह आपसूक बंद. लाईट आली तर आधी व्हॉल्व्ह बंद, मग बोर्ड जागा होणार, आणि अर्धवट राहिलेली भरणी पुढं चालू न करता फ्लोट नव्यानं वाचणार.

विजेचा विषय आलाच आहे तर, २३० व्होल्टचा सोलेनॉइड घेऊ नका. गावाकडं संध्याकाळी व्होल्टेज १५० वर आलं की तो नुसता गुणगुणतो, दट्ट्या उचलत नाही, आणि कॉइल तापते. आरओचे अडॅप्टर बरेचदा ९० व्होल्टपासून चालणारे असतात, लेबल वाचून घ्या.

जड पाण्याबद्दल थोडक्यात, कारण आरओ असेल तर प्रश्न अर्धा सुटलेला असतो. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात कडकपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६००. विरघळलेल्या क्षारांची ५०० आणि २०००. आपल्या काळ्या खडकातल्या बोअरचं पाणी पहिली मर्यादा सहज ओलांडतं. असं पाणी थेट वापरलं तर गारव्यानं नव्हे, सुकण्यानं क्षार बसतात. नळीच्या तोंडाशी लोंबणारा थेंब वाळतो, पांढरा खडा धरतो, मग धार वाकडी होऊन डब्याबाहेर पडते. तोंड सिलिकॉनचं ठेवा, बोटानं चुरगाळलं की खडा गळून पडतो. पितळी कनेक्टर टाळा, आरओचं पाणी कमी क्षारांचं असल्यानं धातू हळूहळू विरघळवतं. सोलेनॉइडच्या आधी बारीक जाळी मात्र कोणत्याही पाण्यावर हवी. टँकरच्या पाण्यातला एक वाळूचा कण झडपेखाली बसला की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही.

चाचण्या अहवालात नुसत्या ‘समाधानकारक’ लिहू नका. भरणी चालू असताना प्लग काढा. भरताना डबा ओढून घ्या. फ्लोट दोऱ्यानं खाली बांधून ठेवा आणि किती पाणी पडून थांबतं ते मोजा. झडपेत मुद्दाम वाळू टाका. पंप कोरडा चालवा. मे महिन्यात स्वयंपाकघरात ३८-४० अंश असताना दिवसभर ग्लास-ग्लास पाणी काढून तापमान टिपा. परीक्षक इथंच थांबून वाचतात.

आणि ‘दारातून पाणी का नाही, ते जास्त आधुनिक नाही का?’ हा प्रश्न तोंडी परीक्षेत येणारच. दारातल्या फोमची जाडी मुळात चार-पाच सेंटिमीटर. ग्लास ठेवायला खोबण केली की तिथं ती बरीच कमी होते, बाहेरचा पृष्ठभाग गार पडतो. श्रावण-भाद्रपदात हवा २७ अंशांची आणि ८५ टक्के दमट असेल तर २४ अंशांखालच्या कोणत्याही पृष्ठभागाला घाम फुटतो. म्हणून अशा खोबणीत कंपन्या छोटा हीटर बसवतात, तो वीज खातो. नळी बिजागरीतून वळवावी लागते, ती दाराच्या प्रत्येक उघडझापीबरोबर वाकते. उरला दार उघडल्यानं वाया जाणारा गारवा. कप्प्यातली २०० लिटर हवा पूर्ण बदलली तरी, ओलाव्यासकट, १० ते १५ किलोज्यूलचा फटका बसतो. एक ग्लास पाणी ३६ वरून ८ अंशांवर आणायला २३ किलोज्यूल लागतात. दाराच्या दोन उघडझापींचा खर्च एका ग्लासाच्या आसपास येतो, आणि ते दार दही-भाजी काढायला दिवसातून असंही उघडतंच.